ठणका

सकाळी शिंपीकाका एवढ्यानं ओरडले, की काकू गॅसवरचं दूध टाकून धावल्या.

“अगं, लस टोचलेला दंड ठणकतोय! जाम ठणकतोय!”

“तरी सांगत होते, हे विकतचं दुखणं घेऊ नका!” काकूंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. अंग कोमट लागलं. घाबरून त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

“फ्लूच्या लशीनं होतं कधी कधी. तो फ्लू नव्हे. दोन दिवसांत ठणका जाईल.”

काकांनी फोन ओढून घेतला. “राहू दे की, डॉक्टर! लस डाव्या दंडात घेतलीय. पक्षाघात झाल्यापासून इस्त्रीचा चटका बसला, तरी या हाताला कळत नव्हतं!”

काकूंनी त्यांचा डावा हात हातात घेतला.

“अहो,” त्या रडता रडता हसू लागल्या, “खूप दुखतंय ना?”