डॅशबोर्डखालची मूठ

बाबांच्या जुन्या जीपमध्ये नवं इंजिन बसवताना मुलाने वायरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं बदललं. डॅशबोर्डखाली लाकडी मूठ लावलेली एक तार होती. ती ओढली की अ‍ॅक्सिलरेटर दाबला जायचा. "बाबांचा आणखी एक उपद्व्याप!" असं म्हणत त्याने ती कापली आणि वर गुळगुळीत पत्रा ठोकला. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांची रबरं पार झिजली होती. अ‍ॅक्सिलरेटरचं मात्र नवंकोरं निघालं. तेवढाच एक व्याप वाचला म्हणून तो खूश झाला.

"बसा बाबा, आज तुम्हीच चालवायची."

बाबांनी उजवा पाय हाताने उचलून आत घेतला आणि किल्ली फिरवली. "अरे, आवाजच नाही हिला!" ते कौतुकाने म्हणाले. मग त्यांचा हात डॅशबोर्डखाली गेला आणि पत्र्यावरून नुसताच फिरत राहिला.

"इथली मूठ?"

"काढली. आता पायाने जरा दाबलं की पळते."

बाबांनी आपल्या न वाकणाऱ्या घोट्याकडे पाहिलं आणि ते शेजारच्या सीटवर सरकले. "तूच चालव रे. मीही जरा ऐटीत बसून बघतो."

मुलगा स्टिअरिंगवर बसला. पायाखाली ते नवंकोरं रबर आलं आणि त्याची मान खाली गेली.

शाळेत सोडताना बाबा कायम एकाच हाताने स्टिअरिंग धरायचे. तो त्यांचा रुबाब, असं तो आजवर मित्रांना सांगत आला होता.