दिग्रसची उडी

“ले जा मास्टर. जो कभी नहीं नाचा, वो भी नाचेगा.” नागपूरच्या फुटपाथवर रेकॉर्ड विकणाऱ्याचा हा आवाज बाबुलालच्या कानात चाळीस वर्षं तसाच होता. म्हणून नातीने आणलेली नवी रेकॉर्ड वाजून थांबली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “हे नकली हाय. परत कर.”

“नकली नाही, आबा.” खुशी पुण्याला नोकरी करते. आबांच्या पंचाहत्तरीसाठी तिने तीच रेकॉर्ड नव्याने निघालेली शोधून आणली होती, सोबत वाजवायचं यंत्र. कव्हरवर तोच पिवळा रंग, ट्रंपेट धरून डोळे मिटलेला तोच माणूस. “याला जॅझ-फंक म्हणतात. त्यातल्या नावाजलेल्या रेकॉर्डांपैकी ही एक.”

“आमी त्याले दिग्रसची उडी म्हणतो.”

सगळं दिग्रस तेच म्हणतं. बाबुलालने जुनी रेकॉर्ड ऐकून त्यातली तिसरी चाल ट्रंपेटवर बसवली, आपल्या बँड पार्टीला शिकवली. त्या चालीत एका जागी ‘टक्’ होतं आणि एक ठोका पडतच नाही. वरात तिथे थबकते. नवरदेवाचे मामे, काके, मित्र एक पाय हवेत धरून उभे राहतात. मग पुढचा ठोका पडतो, पाय पडतो, वरात सरकते. पुसदच्या बँडने ती उचलली, बोरी अरबच्या बँडने उचलली. ‘टक्’साठी एक माणूस ढोलाच्या कडेवर काडी मारतो. त्याला दुसरं काम नसतं.

“तिथं त्या माणसाले कोनाची तरी याद आली,” बाबुलाल पोरांना सांगे. “श्वास अडकला त्याचा. तिथं घाई नाही करायची.” एक पोरगा तर तिथे डोळे मिटायला लागला आणि एकदा घोडीला धडकला.

नव्या रेकॉर्डमध्ये त्या जागी ठोका पडला. सरळ, भरलेला, कोणाची याद न आलेला. खुशीने तीनदा लावली. तीनदा पडला. मग तिने जुनी रेकॉर्ड दारातल्या उन्हात तिरपी धरली.

“चरा आहे, आबा. सुई इथे उडते.”

केसाएवढी रेघ होती. बाबुलालने ती रेकॉर्ड बायकोच्या लग्नातल्या शालूत गुंडाळून ठेवली होती. कोणाचा हात लागू दिला नव्हता. सोमवारी विकत घेतली, घरी मेजावर, लाउडस्पीकरवाल्याकडून मागून आणलेल्या यंत्राजवळ ठेवली आणि त्याच संध्याकाळी तो पुसदच्या लग्नात वाजवायला गेला. चार दिवसांनी परतून पहिल्यांदा ऐकली, तेव्हाही ‘टक्’ होतं.

“म्हंजे घेतली तवाच खराब होती,” तो म्हणाला. पेलाभर पाणी प्यायला. मग त्याने मुलाला हाक मारली. बँड आता गोपाल चालवतो. “गोपाल, उद्यापासून सरळ वाजवायचं. खराबीले आपन कला समजून राह्यलो होतो. उडी बंद.”

“बाबा, मंग वरात थांबन कुठं?”

“थांबाची गरज नाही.”

बाबुलालची बायको भागीरथा भिंतीला टेकून सुपात तुरीची डाळ निवडत होती. बँडवाल्याची बायको, पण वरातीत कधी चालली नाही. बँड घरावरून गेला की ती अर्ध्या दाराआड उभी राही. ‘टक्’ झालं की दाराची कडी धरी. ठोका पडला की सोडी.

तिचा हात सुपात थांबला.

“उडी काढू नका.”

“काहून?”

“तुमी पुसदले गेलते. मी दार लावून घेतलं अन् ते रेकॉर्ड लावली. माहा पाय मेजाले लागला, सुई खरडली.” तिने एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“मी नाचून राह्यली होती.”