ओसरीवरचं गाणं

शालन बोंद्रेंनी चहाचा घोट घेत पुन्हा एकदा संगणक मरू दिला. पडदा काळा झाला, गाणं मध्येच तुटलं.

"अगं, विषाणू आहे त्या फाइलमध्ये. टाकून दे," दिनकरराव म्हणाले.

"अहो, ओसरीवरच मरतोय ना तो? आपलं काय जातंय?"

ओसरी म्हणजे घरच्या संगणकाच्या आत मांडलेला खोटा संगणक. बाहेरून आलेलं काहीही आधी तिथं उघडायचं. तिथं कितीही नासधूस झाली तरी खऱ्या संगणकाला धक्का लागत नसे, आणि बटण दाबलं की नवी ओसरी तयार.

फाइल बालमैत्रीण कुमुदनं पाठवली होती. तिच्या आईनं जात्यावर म्हटलेलं गाणं होतं ते. लहानपणी दोघी त्याच आवाजानं जाग्या होत.

तेवढ्यात कुमुदचाच फोन आला. "शालन, काल पाठवलेलं उघडू नकोस गं. माझ्याकडचं सगळं पुसलं गेलंय. मी कधी ओसरी बसवलीच नव्हती. आईचा आवाजही गेला."

"गेला नाही. ऐक."

शालनताईंनी नवी ओसरी मांडली, फाइल उघडली आणि फोन स्पीकरसमोर धरला. जात्याची घरघर सुरू झाली, मागून आवाज आला. शेवटच्या कडव्याआधी विषाणूनं डाव साधला आणि पडदा काळा झाला.

पण गाणं थांबलं नाही. फोनमधून कुमुद पुढचं कडवं म्हणत होती, जरा बेसूर, पण अगदी आईच्या ठेक्यात.

ते संपलं तसे दिनकरराव खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी स्वतःच नवी ओसरी मांडली.

"पहिल्यापासून लावतो," ते फोनकडे वाकून म्हणाले.