नीळ जास्त झालेली भिंत

नयननं खुरपं खोलीच्या भिंतीला लावलं आणि डोमाजींनी त्याचं मनगट धरलं.

"हे भित राहू दे."

"बाबा, पोपडे आले तिले. दिवाळी तोंडावर आली."

"राहू दे म्हटलं ना."

नयननं बायकोकडे पाहिलं. अंजूनं डोळ्यांनीच गप्प बसा म्हटलं. तो खुरपं घेऊन वांग्यांच्या वाफ्याकडे निघून गेला.

देवळीच्या वेशीबाहेर, भाजीच्या मळ्याला लागून त्यांचं घर. दर दिवाळीला चुन्यानं उजळायचं. गेल्या दिवाळीला तेवढं राहिलं, कारण डोमाजींची बायको सुलोचना हिला जाऊन वर्ष व्हायचं होतं. म्हणजे या खोलीवर शेवटचा हात फिरला तो तिचाच. चुन्यात नीळ चिमूटभर घालायची, तिनं मूठभर घातली होती.

"भितीले आभाळ लावलं का तू?" डोमाजी तेव्हा खेकसले होते.

"मंग काय झालं? पडल्या पडल्या दिसन," ती हसली होती.

आणि खरंच पडली. भिंत ओली होती तेव्हाच तिची खाट त्या भिंतीलगत लागली, ती पुन्हा उठली नाही. छातीत खोकला, बाहेर थंडी, खिडकी बंद. तोंड सदा भिंतीकडे, पाठ डोमाजींकडे. उभ्या संसारात जी कधी पाठ करून निजली नाही, ती जाताना नुसती पाठ देऊन गेली. घरच्यांना वाटे, म्हातारा आठवण जपतो आहे. डोमाजी रोज त्या निळ्या भिंतीसमोर बसत ते भिंतीलाच विचारायला, की बाई गं, असं काय होतं तुझ्यात, की माझ्याकडं पाहायचं ती विसरली? खरवडून टाकली तर उत्तर कोण देणार?

"आबाजी, यात फुका बरं."

नात गुंजन समोर उभी. नववीत होती. अंगणातल्या पिंपात चुना विरत पडला होता. त्याच्यावरचं नितळ पाणी तिनं काचेच्या गिलासात घेतलं होतं, आणि नळी म्हणून पपईच्या पानाचा पोकळ देठ.

"काऊन? तुह्या शाळेत फुकनारे सरले का?"

"शाळेत नळी एक अन् पोरं पन्नास. माह्या हाती आलीच नाई. फुका, पन ओढू नका, चुना आहे."

डोमाजींनी फुंकलं. पाणी बुडबुडलं. मग पहाटे मळ्यावर धुकं उतरावं तसं गिलासात काही उतरलं, आणि पाहता पाहता पाणी दुधाळ झालं.

"हे काय झालं वो?"

"तुमच्या श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड चुन्यात मिळाला. त्याचा खडू झाला."

"श्वासाचा खडू?"

गुंजन चुन्यात बोट बुडवून फरशीवर लिहू लागली. Ca(OH)₂ + CO₂ → CaCO₃. मग दोन्ही बाजूंचे अणू मोजले आणि तोंड वाकडं केलं. "हायड्रोजन कुठं गेला? बाई म्हनते, इकडं जेवढे अणू तिकडं तेवढेच पायजे. काहीच हारपत नाई, नुसती जागा बदलते." थोडा वेळ डोकं खाजवून तिनं पुढं लिहिलं, + H₂O. "पानी राह्यलं होतं! भित वाळते ते हेच आबाजी. पानी उडून जाते, अन् चुना श्वास घेऊन दगड होते."

"कोनाचा श्वास?"

"जो खोलीत असन त्याचा," गुंजन म्हणाली आणि गिलास खळखळवत आईला दाखवायला पळाली.

डोमाजी उठले. खाटेच्या उंचीवर, जिथं तिचं तोंड यायचं तिथं त्यांनी तळहात ठेवला. गार होती भिंत. टणक होती. कितीतरी वेळ हात तिथंच राहिला.

मग त्यांनी मळ्याकडे तोंड करून हाक दिली, "नयन, चुना आन. खरवडू नोको. खालचा दगड झाला, त्याले धक्का लावू नोको. वरूनच हात मार. अन् नीळ मूठभर घालजो."

"मामाजी, आभाळ होईन मंग," अंजू म्हणाली.

"होऊ दे."

दिवे लागायच्या वेळी भिंत ओली, निळी होती. ओलीनं सांधे धरतील म्हणून अंजूनं खाट ओसरीवर टाकली होती. डोमाजींनी ती ओढत आत आणली, भिंतीला भिडवली आणि सगळ्यांकडे पाठ करून निजले.

गुंजन दारात आली. "आबाजी, रुसले का? इकडं पाहा ना."

"नाई वो माय," डोमाजी भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "भित वाळवून राह्यलो."