भरती उतरेपर्यंत

कंडक्टर पुलाच्या तोंडाशी जाऊन पाणी बघून आला आणि एसटीपुढे आडवा उभा राहिला. बुटक्या पुलावरून खाडी उसळत चालली होती, मुळासकट उपटलेली झाडं पुलावरून वाहत जात होती. "भरती उतरेपर्यंत, म्हणजे तीन तास, गाडी हलणार नाही," तो म्हणाला.

"पलीकडे माझा भाऊ जमिनीचा मोजणीदार घेऊन उभा आहे," एक आडदांड प्रवासी खेकसला. "मी पोचलो नाही तर बांध माझ्या अंगणात आणून ठेवेल. बाजूला हो, नाहीतर तंगडी मोडीन."

"मोडा दादा. गाडी जाणार नाही."

पुढचं बोलणं हातांनीच झालं. पहिल्या ठोशात कंडक्टरचं नाक फुटलं. मग सकाळपासून ताटकळलेले आणखी चौघे तुटून पडले, त्याचे दोन दात पडले, आणि कुणीतरी चाकाचा पाना खरंच त्याच्या गुडघ्यावर घातला. कंडक्टर चिखलात कोसळला.

"चला मामा, आडकाठी गेली," आडदांडाने धापा टाकत ड्रायव्हरला हाक दिली. "काढा गाडी."

ड्रायव्हर खाली उतरला. त्याने कंडक्टरचं डोकं मांडीवर घेतलं.

"काढतो की. पण पाण्याखाली पुलाची कड कुठे संपते, ते मला वरून दिसत नाही. एक माणूस कमरेला दोरी बांधून पुढे चालतो आणि त्याच्यामागून मी गाडी नेतो. इतकी वर्षं हाच चालायचा. आज कोण येतंय?"



एकेक जण गाडीत चढला, आणि चिखलात पडलेल्या कंडक्टरला दार आतून लावून घेतल्याचा आवाज आला.