रंगवलेले तळहात

रबराचा पोशाख परवडत नव्हता, म्हणून नेव्हिलने आपल्या सिनेमात खरीच परग्रहवासी घेतली होती. लीड्सजवळच्या माळावर सकाळपासून शूटिंग चाललं होतं. सिनेमात ती पोरं पळवणारी राक्षसीण होती, त्यामुळे रंगभूषेच्या हर्षदाने तिचे तळहात लालभडक रंगवले होते.

दुपारी त्या परग्रहवासीच्या पाठीवरचं तिचं पिल्लू किरकिरू लागलं. ते आईच्या तळहाताकडे तोंड नेई, आणि रंग त्याच्या पोटात जाऊ नये म्हणून ती मुठी घट्ट मिटून घेई. यांचं दूध तळहातातून पाझरतं, हे हर्षदाला तेव्हा कळलं. आधी विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं, तिलासुद्धा.

तिने खोबरेल तेलाची बाटली उचलली.

"पुसू नकोस!" नेव्हिल ओरडला. "पुढच्या शॉटला रंग अस्साच दिसायला हवा. पाचपर्यंत थांबेल ते पिल्लू."

"तुम्ही थांबलात का हो जेवायचे? दोनदा वाढून घेतलंत!" हर्षदा कडाडली. "लेकरू उपाशी ठेवताय तुम्ही, आणि राक्षसीण ती?"

"पुसलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

"कोण येतंय!"

तिने आईचं एकेक बोट हळुवार उलगडून तळहात तेलाने स्वच्छ केले. पिल्लू चुरूचुरू पिऊ लागलं. आईने डोळे मिटले.

"कॅमेरा चालू ठेव," मागे नेव्हिल कुजबुजला. "काय शॉट आहे!"

हर्षदाने अंगातला कोट काढून कॅमेऱ्यावर फेकला, आणि पिल्लाचं पोट भरेपर्यंत तो कोणालाही उचलू दिला नाही.