तसंच मशीन

मशीन बंद पडलं ते धुणं पोटात घेऊनच. लाल दिवा लुकलुकत होता आणि आत पाण्याचा थेंब नव्हता. निवृत्त मोजणीदारांनी सगळी बटणं दाबून पाहिली, मग बाजूने दोन थापा मारल्या. कचेरीतल्या पंख्याला हा उपाय लागू पडत असे.

"काय केलंस याला?" त्यांनी विचारलं.

दारात उभी असलेली बायको म्हणाली, "झालं असेल माझ्याकडूनच काहीतरी."

मोजणीदारांनी सुस्कारा सोडला. हे आता नेहमीचंच झालं होतं. मध्यंतरी दूध उतू गेलं, गॅस तसाच राहिला, दाराला लटकलेली किल्ली शेजारणीने आणून दिली. विचारलं की बायकोचं उत्तर ठरलेलं, माझ्याकडूनच राहिलं. निदान कबूल तरी करत होती. आख्ख्या नोकरीत एकाही माणसाने आपली चूक इतक्या सहज कबूल केलेली त्यांनी पाहिली नव्हती.

मुलाला हे सगळं त्यांनीच फोनवर सांगितलं होतं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. मुलगा दूरच्या शहरात दोन खोल्यांत राहायचा. त्याने एका संस्थेची चौकशी करून ठेवली होती. तिथे विसर पडणाऱ्या माणसांना सांभाळत, पण फक्त त्यांनाच. नवऱ्याने किंवा बायकोने आठवड्यातून एकदा भेटून जायचं. मोजणीदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझं डोकं जागेवर आहे तोवर तुझी आई या घरातून हलणार नाही."

मुलाने ते मान्य केलं. दोघांपैकी एकाचं डोकं जागेवर असलं की संसार चालतो. बऱ्याच घरांत तर तेवढंही नसतं.

राहता राहिलं मशीन. पेन्शनमधून औषधं वजा केली की नव्या मशीनचं फार तर झाकण आलं असतं. जुन्या मशीनच्या बदल्यात दुसरं जुनं देणारं एक दुकान बायकोला माहीत होतं. सकाळी त्या दुकानातली माणसं येऊन बंद पडलेलं मशीन घेऊन गेली आणि दुपारी दोघं दुसरं बघायला निघाली. निघताना चष्मा सापडेना. बायको कुठे काय ठेवेल याचा नेम नव्हता. या वेळी तिने तो त्यांच्याच खिशात ठेवला होता.

दुकानात फ्रिज, कूलर आणि मशीनं एकमेकांना खेटून उभी होती, डॉक्टर यायची वाट बघणाऱ्या पेशंटसारखी. दुकानदार "या काका, बसा काका" करत पुढे आला. पहिल्याच भेटीत इतकी सलगी मोजणीदारांना आवडत नसे. त्याने एका चकचकीत मशीनवर हात ठेवताच त्यांनी बायकोला जरा लांब कूलरपाशी उभं केलं आणि आवाज खाली आणला.

"हे नको. आमच्याकडे होतं तसंच पाहिजे. तीच बटणं, त्याच जागी. हिला आता नवीन काही शिकवायचं म्हणजे..." ते थांबले. "विसरते हो ती. तिच्यासमोर बोलू नका, वाईट वाटतं तिला."

दुकानदार खाली बघत म्हणाला, की तसं एक आहे.

कोपऱ्यातल्या चादरीखालून ते निघालं. मोजणीदारांनी टेप काढून लांबी, रुंदी, उंची घेतली. बाथरूममधल्या कोनाड्याची मापं त्यांना तोंडपाठ होती. सूतभरही फरक नव्हता. त्यांनी झाकण उघडून आत वास घेतला, पाठीमागून हात फिरवला आणि आधीच्या मालकाने नीट वापरलंय, असा निर्वाळा दिला.

मग घासाघीस सुरू झाली आणि लगेच संपली. मोजणीदारांनी निम्मी किंमत सांगितली, दुकानदार हो म्हणाला. अशाने याचं दुकान किती दिवस चालणार, या विचाराने त्यांना मनापासून वाईट वाटलं. पैसे देऊन ते बायकोपाशी आले.

"तसंच मिळालं," तिच्या खांद्यावर हात ठेवत ते म्हणाले. "घाबरू नकोस. मी दाखवीन सगळं पुन्हा. कितीदाही विचार."

"बरंय बाई तुम्ही आहात ते," ती म्हणाली.

इथून हलू नकोस असं तिला बजावून ते टेंपो बघायला बाहेर पडले. ते रस्ता ओलांडेपर्यंत ती दारातून बघत राहिली.

दुकानदाराने आत्ताच घेतलेल्या नोटा तिच्या हातात परत ठेवल्या.

"आजही नळच बंद राहिलेला ना, काकू? मशीन धडधाकट आहे," तो म्हणाला. "पण सकाळी तुमच्या घरून उचलायचं आणि दुपारी तुम्हालाच विकायचं, असं किती दिवस? एखाद वेळी ओळखतील काका."

तिने नोटा पर्समध्ये ठेवल्या.

"पहिल्या वेळी माझ्याही छातीत धडधडत होतं, ओळखतील म्हणून," ती म्हणाली. "आता दर वेळी वाटतं, ओळखावं."